येता येत नाही त्या दिवशी या

आमच्या वाडीतून दवाखान्यात जायचं असेल तर आधी माणूस बरं असावं लागतं. ही थट्टा नाही. वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. गाडीचा रस्ता खालच्या गावात शाळेपाशी संपतो, तिथून वर नुसती दगडांची पायवाट. उतरताना गुडघे बोलतात, चढताना छाती. खाली पोचलं की जीपची नाहीतर एसटीची वाट बघायची, मग पोलादपूर. एवढं सगळं ज्याला जमतं तो आजारी कसला, असं कोणालाही वाटेल. डॉक्टरांनाही तसंच वाटायचं.

मी सुगंधा. या वाडीची अंगणवाडी चालवते. मला आमवात आहे. डॉक्टर लोक त्याला आरए म्हणतात. आपल्याच शरीराला आपले सांधे परके वाटायला लागतात आणि ते त्यांच्याशी भांडत बसतं, असं मला एका डॉक्टरांनी समजावलं होतं. त्यापुढचं पुस्तकी मला येत नाही आणि इथे लिहायचंही नाही. ज्या बायकांना सकाळी मूठ मिटता येत नाही, पण जेवणाच्या वेळेपर्यंत मिटता येते, आणि म्हणून ज्या कोणाला काही सांगत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कुलूप

सुरुवात अंगणवाडीच्या कुलपापासून झाली. एका सकाळी किल्ली फिरेना. मला वाटलं, कुलूप गंजलं. घरून खोबरेल आणून आत सोडलं. मदतनीस सुनीता आली तिला आधी झापलं, की पावसात कुलूप उघडं कशाला ठेवतेस. तिने मुकाट्याने दोन बोटांनी किल्ली फिरवली आणि दार उघडलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवसापासून किल्ली सुनीताकडेच राहायला लागली. तिने मला कधी काही विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा.

मग एकेक गोष्ट हाताबाहेर जायला लागली. ब्लाउजचे हुक, तांब्याचा काठ, केसांची वेणी. अंगणवाडीची माहिती मोबाईलमध्ये भरायची असते, तर अंगठा एका अक्षरावर टेकवावा आणि तो तिसऱ्याच अक्षरावर पडावा. उठल्यावर बोटं जणू रात्रभर कोणी चिखलात रुतवून ठेवलेली. पण खिचडी शिजून पोरांची पानं वाढेपर्यंत ती मोकळी होत. मग मला वाटे, थंडी असेल, दव असेल, वय असेल.

सासूबाईंनी माझ्याआधी निदान केलं. "वात हाय गो तो. माझ्या आयेला पन होता." त्यांनी निर्गुंडीचा पाला गरम करून बांधला, तेल चोळलं. बरं वाटायचं, त्यात खोटं नाही. पुढे शेजारणींबरोबर सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावरही जाऊन आले. पाण्यात पाय सोडून सगळ्याजणींनी आपापल्या सुनांची उणीदुणी काढली, येताना वडापाव खाल्ला. हात होते तसेच राहिले, पण त्या दिवसाबद्दल माझी काही तक्रार नाही.

तीन दारं

पहिलं दार तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचं. तिथे सकाळी ओपीडी असते. पण मी सकाळी हात सुटल्याशिवाय निघायचीच नाही. दगडावर तोल गेला तर काही धरता तरी यायला हवं. त्यामुळे पोचेपर्यंत रांग संपत आलेली आणि माझी बोटं मोकळी झालेली. डॉक्टर म्हणायचे, मूठ मिटा. मी मिटायची. उघडा. मी उघडायची. ते दुखायच्या गोळ्या द्यायचे. त्यांचा काय दोष? त्यांच्यासमोर एक धडधाकट बाई मूठ मिटून दाखवत होती.

दुसरं दार महाडच्या खाजगी डॉक्टरांचं. ते बसत संध्याकाळी. संध्याकाळी तर माझे हात अगदी शहाण्यासारखे वागायचे. चांगले डॉक्टर होते, बोलायला मऊ. कॅल्शियम दिलं, ताकदीचं दिलं. बऱ्याच फेऱ्यांनंतर त्यांनाच शंका आली आणि त्यांनी रक्त तपासायला लावलं. तो रिपोर्ट आला तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी मला आनंद झाला होता. हसू नका. इतके महिने सगळे म्हणत होते, काही नाही, काही नाही. मलाही वाटायला लागलं होतं की मी कामचुकार झाले आहे. आणि हा माणूस कागद बघून म्हणाला, "ताई, हे आहे. खरंच आहे."

आनंद दवाखान्याच्या पायरीपर्यंतच टिकला. कारण त्यांनी पुढचंही सांगितलं होतं. औषध वेळेवर आणि नीट लागू पडलं नाही तर बोटं वाकतात, आणि एकदा वाकली की परत सरळ होत नाहीत. मुंबईला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जा, तिथे याचे वेगळे डॉक्टर असतात.

एसटीत बसले आणि मला भीती वाटली. मरणाची नाही. आमचे हे मुंबईत एका कंपनीच्या मालकाची गाडी चालवतात, त्यांचं गेल्या दोन-तीन वर्षांपासून एकच टुमणं होतं, सोड ते सगळं आणि इकडे ये, लांब कुठेतरी खोली बघतो. सासूबाई वाडी सोडायच्या नाहीत. मलाही सोडायची नव्हती. अंगणवाडीची नेमणूक तर गावात राहणाऱ्या बाईलाच असते, गाव सुटलं की ती गेली. आणि मला माझं घर आवडतं, माझी अंगणवाडी आवडते, दुपारी पोरं झोपली की मिळणारी ती शांतता आवडते. हे हात गेले तर मला कोणी विचारणारही नव्हतं, उचलून मुंबईला नेलं असतं. एवढीच भीती होती आणि ती पुरेशी होती.

गावाची खोली

तिसरं दार मुंबईचं. आमच्या वाडीची मुंबईत एक खोली आहे. वाडीतले जे पुरुष तिकडे कामाला आहेत ते मिळून राहतात. आमचे हेही तिथेच. तिथे बाईमाणूस राहायला जाणं म्हणजे मोठी गोष्ट. मी गेले तर एका कोपऱ्यात दोरीवर चादर टाकून माझ्यासाठी आडोसा केलेला, खिडकीतली वाळत टाकलेली बनियनं गायब, आणि जो रोज आंघोळ करताना गाणी म्हणतो तो त्या दिवशी तोंडातून शब्द न काढता आंघोळ करून आलेला. सकाळी एकाने न विचारता बादलीभर गरम पाणी आडोशाच्या अलीकडे ठेवलं. "वयनी, हात बुडवून बसा." त्या पाण्यात हात बुडवले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आजारपणात माणसाला मोठं काही नको असतं.

हॉस्पिटलात लांबच लांब बाकडी आणि त्यावर आमच्यासारख्या बायका. पहिल्या दिवशी भीती वाटली. काहींची बोटं एका बाजूला कललेली, काहींच्या हातात चमचा धरवत नव्हता. मी माझे हात पदराखाली घेतले. पुढे ओळखी झाल्या. कोण कुठल्या गोळीने ओकतं, कोणाचे केस गळतात, सगळी चर्चा तिथे होते. मला एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायला दिली. विसरू नये म्हणून मी उपासाचा सोमवार धरला. रिकाम्या पोटी गोळी, मग दिवसभर पोटात ढवळणं आणि सासूबाईंचं म्हणणं, की देवाला गोळी पसंत नाही. बाकड्यावरच्या एका बाईने विचारलं, "अगं, जेवायच्या दिवशी घे की." तेव्हा गोळी मंगळवारवर गेली आणि देवही शांत झाला.

पण आत डॉक्टरांसमोर काय व्हायचं ते सांगते. मुंबईला डॉक्टरकडे जायचं म्हणून मी चांगली साडी नेसायची. हातभर बांगड्या. लंगडत जाणं बरं दिसत नाही म्हणून निघायच्या आधी दुखायची एक गोळी. वर ते गरम पाणी. डॉक्टर विचारायचे, "कशा आहात?" मी म्हणायची, "बरी आहे." आपल्याकडे कोणी कसं आहेस विचारलं तर दुसरं काय म्हणतात? ते लिहायचे आणि गोळ्या तेवढ्याच ठेवायचे. एखाद्या तारखेला हात खरोखर वाईट असले तर मी वाडीतून उतरूच शकायची नाही. मग हे कामावरून सुट्टी घेऊन माझी फाईल घेऊन जायचे आणि त्याच गोळ्या आणायचे. थोडक्यात, माझे वाईट दिवस कोणत्याच डॉक्टरने पाहिले नव्हते. आणि ते वाढत चालले होते. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं कलायला लागली होती.

शमीमभाभी

महाडच्या लॅबमध्ये रक्त द्यायला गेले होते तेव्हा शमीमभाभी भेटल्या. महाडच्याच. नवरा आखातात, मोठा मुलगाही तिकडेच. त्यांनी आपणहून विचारलं, "तुम्हालाही हातांचंच का?" दोघींचा आजार एक, सुरुवातही आगेमागेच झालेली. आम्ही लॅबच्या टेबलावर हात शेजारी शेजारी ठेवले. त्यांची बोटं सरळसोट, अंगठीसकट. माझी दोन बाहेर पडायच्या तयारीत.

मला वाटलं, पैशाचा फरक. त्यांचे डॉक्टर खाजगी, औषधं भारी असतील. त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं. माझीच गोळी. फक्त जास्त.

"तुमची एवढी वाढवली कशी?" मी विचारलं.

"मी रडले ना," त्या म्हणाल्या. "एके सकाळी उठले तर हात उघडेना. तशीच रिक्षात बसले. गाऊनवर बुरखा टाकला आणि गेले. डॉक्टरच्या घराची बेल कोपराने वाजवली. त्याने पाहिलं आणि घाबरला."

"सकाळी?"

"मग कधी? दुखतं तेव्हाच जाणार ना. तुम्ही कधी जाता?"

 दुखतं तेव्हा दवाखान्यात जायचं, ही गोष्ट इतकी साधी होती की मला ती नवीनच वाटली. त्यांच्या दारात रिक्षा होती आणि माझ्या दारात डोंगर, फरक एवढाच. मला त्यांचा हेवा वाटला, आणि रागही आला. त्यांचा नाही, कोणाचा ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. भाभींनी मला त्यांच्याकडे जेवायला नेलं. त्यांच्या घरात माणसं थोडी आणि खुर्च्या पुष्कळ. सुरमई तळली होती. काटे त्यांनीच काढून दिले, मला उगाच लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. आता आम्ही रक्ताच्या तारखा एकत्रच घेतो.

मॅडम

सरकारी दवाखान्यात तेव्हा एक नवीन डॉक्टर मॅडम आल्या होत्या. तरुण पोर, आवाज मात्र हेडमास्तरीणबाईंचा. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्या तिथेही होत, म्हणून मी जायची. भाभींचं बोलणं डोक्यात होतं. मॅडमनी विचारलं, "कशा आहात?" आणि मी म्हटलं, "मॅडम, मी इथे फक्त बरी असते तेव्हाच येते."

त्यांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं. पायवाट, सकाळ, गरम पाणी, निघायच्या आधीची गोळी, फाईल घेऊन जाणारा नवरा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग येता येत नाही त्या दिवशी या."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"कशी येणार मॅडम? मोबाईलवर फोटो काढून आणते."

"फोटो दाबून बघता येत नाही. मला ते हात पाहिजेत, त्याच दिवशी, त्याच वेळी. रक्तही त्याच दिवशी घेऊ. कसं यायचं ते तुम्ही बघा. निघालात की फोन करा, मी थांबते."

डोली

आमच्याकडे चालता न येणाऱ्याला खाली न्यायची एकच सोय आहे. बांबूला चादर बांधायची, त्यात माणूस घालायचा आणि खांद्यावर उचलायचं. डोली म्हणतात. पण डोली निघते ती अडलेल्या बाईसाठी, साप चावलेल्यासाठी, नाहीतर ज्याचं काही खरं नाही अशा म्हाताऱ्यासाठी. हात दुखतात म्हणून कोणी डोलीत बसलेलं वाडीने पाहिलेलं नाही.

ती सकाळ आली. हात तर नव्हतेच, पण घोटेही सुजलेले. अंथरुणात कुशीवर वळता येईना. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि शेजारी गेल्या. गणूभावजी आले. ते आमच्या शेजारचे, नात्यातलेच, वाडीत कोणाचंही काही अडलं की आधी त्यांनाच हाक जाते.

"काढू का डोली?" त्यांनी विचारलं.

"भावजी, लोक काय म्हनतील?"

"लोकं म्हनूदे. तू वजनाला काय हायस? दोन पोती भात वाहून नेलाय मी ह्या वाटेनं."

चार जण निघाले, आळीपाळीने खांदा द्यायचा म्हणून. ऊन लागू नये म्हणून सुनीताने माझ्यावर आपली साडी पांघरली. आत मी अशी गाठोड्यासारखी, प्रत्येक दगडाला जीव कळवळत होता. आणि खालच्या गावात शिरताना बाहेर एकदम शांत झालं. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. कोणीतरी हुंदका दिला. तान्हीआजी, त्या गावातली सगळ्यात म्हातारी, वाटेत आडवी आली. साडी बाजूला केली, माझ्या तोंडाशी तुळशीचं पान आणलं.

"घे गो बाय. देवाचं नाव घे."

"आजी, मला चाय पायजे," मी म्हटलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

आजी घाबरून मागे सरली, मग तिला समजलं. तिने पाच-सहा शिव्या हासडल्या, मला आणि भावजींना मिळून, आणि घरात जाऊन चहा आणला. बशीने मला पाजला. तेवढा गोड चहा मी परत प्यायले नाही. हात हलत नव्हते आणि मी हसत होते.

जीपमध्ये बसलो आणि भावजींचा फोन वाजायला लागला. आमच्या भागातल्या मुंबईकरांच्या मंडळाचा मोबाईलवर ग्रुप आहे. खालच्या गावातून कोणीतरी त्यावर टाकलं होतं, सुगंधावयनीला डोलीतून नेली. त्यावर कोणी हात जोडले. मग आणखी कोणी जोडले. आणि मग एका शहाण्याने लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. त्याच्याखाली रांगच लागली. आमच्या ह्यांनी ते गाडी बाजूला लावून वाचलं आणि भावजींना फोन लावला.

"गणू, कवा झालं रे?" एवढंच मला फोनमधून ऐकू आलं.

"काय झालं? थांब, तिलाच दितो." भावजींनी फोन माझ्या कानाला लावून धरला.

"मी हाय," मी म्हटलं. "काय झालं ओ?"

पलीकडून रडणं ऐकू आलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी ह्या माणसाला रडताना ऐकलं नव्हतं. सासरे गेले तेव्हासुद्धा नाही. माझा बांध फुटला. मी म्हटलं, "अहो, हात दुखतात माझे. लय दुखतात. मला सहन होत नाय." हे वाक्य मी त्यांना याआधी कधीच बोलले नव्हते. जीपमधली सगळी माणसं खिडकीतून बाहेर बघत बसली.

हात

मॅडम थांबल्या होत्या. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि एकेक सांधा अंगठ्याने दाबत गेल्या. मी ओरडले. दवाखान्यात मी पहिल्यांदा ओरडले, आणि फार बरं वाटलं.

"हे हात इतके दिवस कुठे होते?" त्यांनी विचारलं.

"घरीच होते, मॅडम."

त्यांनी रक्त घेतलं, प्रत्येक सुजलेला सांधा लिहिला आणि मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. मला एक इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत पडून राहायला सांगितलं. शेजारच्या खाटेवर बिरवाडीची एक बाळंतीण होती. तिच्या आईने आमच्यासाठीही पेज आणली. भावजी आणि बाकीचे तिघे व्हरांड्यात पंख्याखाली घोरत पडले होते.

संध्याकाळी हे आले. मुंबईहून थेट. हातात बॅग, आणि बॅग बघूनच मला कळलं की मला न्यायला आले आहेत. पण वर घरी जाऊ म्हणाले. इंजेक्शनने मला उतार पडला होता. शाळेपर्यंत जीपने आलो, पुढे थोडं चालले, थोडं डोलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उठताना पाहिलं. गणपतीला, शिमग्याला घरी येतात तेव्हा मी त्यांच्या आधी उठून, चुलीपाशी हात शेकून, माणसांत आलेली असायची. त्यामुळे डॉक्टरांनी जे पाहिलं नव्हतं ते त्यांनीही पाहिलं नव्हतं. मी कोपराने अंथरूण ढकलून, भिंतीला पाठ लावून, हळूहळू वर सरकत उभी राहिले.

"हे रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज नाय. काल होतं तेवढं तर नायच."

ते चुलीपाशी गेले आणि पाणी तापवायला लागले. सासूबाई त्यांना सांगत होत्या, एवढं कडकडीत नको. ती सकाळ मला फार आवडली, हे जरा विचित्र वाटेल.

आता

मुंबईला त्यांच्याबरोबर गेले. या वेळी साधी साडी, बांगड्या दोनच आणि निघायच्या आधी गोळी नाही. डॉक्टरांनी मॅडमनी पाठवलेलं सगळं वाचलं, माझे हात दाबून पाहिले आणि औषधात बदल केला. वाढवलं आणि वर दुसरं जोडलं. त्या औषधांची मला धास्ती होती. केस गळाले थोडे, तोंड आलं, एकदा तपासणीत काहीतरी वर गेलं म्हणून महिनाभर थांबावंही लागलं. पण पाऊस संपून भात कापणीला आला तेव्हा एके सकाळी माझ्या लक्षात आलं, की मी वेणी घालून बसले आहे आणि ती कधी घातली ते आठवत नाही.

ती कललेली दोन बोटं तशीच राहिली आहेत. राहणार. शमीमभाभींची सरळ आहेत आणि माझी नाहीत, याचं वाईट वाटतं तेव्हा वाटतं. बाकी वेळ मला काम असतं. मॅडमची बदली झाली. नवीन डॉक्टर आले, त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की मी कधी येते आणि कधी येऊ शकत नाही. रक्त तालुक्याला नाहीतर महाडला तपासतात, मुंबईला क्वचितच जावं लागतं. डोली त्यानंतर एकदा निघाली. या वेळी तान्हीआजी चहा घेऊनच उभी होती.

ह्यांनी मुंबईला चल म्हणणं सोडलं. मी त्यांना विचारलं नाही, त्यांनीच एकदा जाताना सांगितलं. "तू हितंच रहा. हितं उचलून न्यायला चार मानसं तरी हायत. तिकडं माझ्या गाडीतनं मालक फिरतो." आणि मग, पायवाटेवरून मागे वळून, "फकस्त फोनवर बरी हाय म्हनू नको."

तेव्हापासून ते रोज उजाडता उजाडता फोन करतात. खरी खबर त्याच वेळी कळते असं त्यांचं म्हणणं. मी सांगते, आज उजवा वाईट, आज दोन्ही, आज घोटा. ते ऐकून घेतात. करण्यासारखं तिकडून काही नसतं, पण ऐकतात.

परवा नेहमीसारखा फोन आला.

"कशी हायस?"

"बरी हाय."

ते म्हणाले, "सुगंधा, खोटं नको सांगू."

"अहो, खरंच बरी हाय."

"गणूला बोलवू का? डोली काढंल तो."

बरी नसताना मी बरी आहे म्हणत होते तेव्हा या माणसाने एकदाही शंका घेतली नव्हती. आता खरंच बरी आहे तर डोली निघायची वेळ आली. मला हसू आवरेना, त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला. शेवटी म्हणाले, व्हिडिओ लाव. लावला. उजवी मूठ मिटून दाखवली, उघडून दाखवली, परत मिटून दाखवली. "डावी?" डावीही दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली. मागे खोलीतले बाकीचेही वाकून बघत होते.

"बरं," ते म्हणाले. मग मान मागे वळवून कोणाला तरी सांगितलं, "आन रे माझा चहा."

"अजून चहा झाला नाय तुमचा?" मी विचारलं.

"तुझं कळल्याबिगर घेत नाय मी," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.